सिल्कएअरचा नकाशा आणि आमच्या दाभोळची बोट

गणपतीच्या आधी माळा साफ करायला घेतला तेव्हा माझी जुनी सीडीसी सापडली. सीडीसी म्हणजे आम्हा बोटीवरच्या लोकांचं पासपोर्टसारखं पुस्तक, त्यात कुठल्या जहाजावर कधी चढलो कधी उतरलो त्याचे शिक्के असतात. तिच्या प्लास्टिकच्या पाकिटात एक चार घड्या घातलेला कागद होता, उघडून बघतो तर सिल्कएअर ह्या सिंगापूरच्या विमान कंपनीचा रूट मॅप. त्यांचं विमानात एक मासिक असायचं, सिल्कविंड्स नावाचं, त्याच्या शेवटच्या पानांवर हा नकाशा असायचा, मधोमध सिंगापूर आणि तिथून चारी दिशांना रेघा. कधीतरी ते पान मी काढून आणलं होतं. कुठल्या ट्रिपचं ते आधी आठवेना, मग नकाशाच नीट वाचला, त्यात ऑस्ट्रेलियातलं केर्न्स आहे पण जपानचं हिरोशिमा नाही. केर्न्सला ते २०१५ मध्ये जायला लागले आणि हिरोशिमाला २०१७ मध्ये, म्हणजे त्या दोन वर्षांतलाच.

सिल्कएअर आता नाही. २०२१ मध्ये तिची विमानं, माणसं सगळं सिंगापूर एअरलाइन्समध्ये गेलं आणि ते नाव संपलं. ह्याबद्दल आपल्याकडे कुणी काही लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही आणि लिहील तरी कोण, मुंबईहून ती उडतच नव्हती. पण माझी पंचवीस वर्षं त्या रेघांवरून गेलीत म्हणून मलाच लिहू दे.

आधी कंपनीबद्दल थोडं. सिंगापूर एअरलाइन्स हा थोरला भाऊ, मोठी विमानं, लंडन, सिडनी, टोकियो. आणि हा धाकटा. सुरुवातीला ह्याचं नाव ट्रेडविंड्स होतं, १९८९ च्या फेब्रुवारीत नियमित विमानं सुरू झाली ती पट्टाया, फुकेत, हात याई, कुआंतान आणि तिओमान ह्या ठिकाणी. बघा हं, ह्यातलं एकसुद्धा देशाच्या राजधानीचं शहर नाही. समुद्रकिनारे, बेटं, बाजाराची गावं. १९९२ मध्ये नाव बदलून सिल्कएअर केलं आणि मग रेघा वाढत गेल्या, पण स्वभाव तोच राहिला. इंडोनेशियात मेदान, पेकानबारू, पालेम्बांग, सेमारांग, योग्यकार्ता, बालिकपापान, मकास्सार, मनाडो, लोंबोक. फिलिपिन्समध्ये सेबू आणि दावाओ. मलेशियात पेनांग, लंकावी, कुचिंग, कोटा किनाबालू. तिकडे म्यानमारमध्ये यांगून आणि मंडाले, लाओसमध्ये व्हिएन्टियान आणि लुआंग प्राबांग, कंबोडियात सिएम रिएप, शिवाय काठमांडू. आणि आपल्याकडे चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, कोलकाता, कोची, तिरुवनंतपुरम, कोइम्बतूर, विशाखापट्टणम. मुंबई आणि दिल्ली थोरल्याकडे, कोइम्बतूर आणि विशाखापट्टणम धाकट्याकडे, अशी वाटणी.

आमच्यासारख्यांना ही वाटणी कशी उपयोगाला यायची ते सांगतो. मी इंजिन रूमचा माणूस, फिटर म्हणून लागलो आणि तिथेच वाढलो. बल्क कॅरिअरवर असायचो बहुतेक, म्हणजे कोळसा, लोहखनिज, कधी धान्य. आता कोळसा भरायची जागा काही सिंगापूरच्या मॉलशेजारी नसते. इंडोनेशियातला कालिमंतान, म्हणजे आपण शाळेत बोर्निओ शिकलो त्या बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग, तिथे महाकाम नदीतून बार्जनी कोळसा खाली येतो आणि मुआरा बेराऊला भर समुद्रात नांगर टाकून उभ्या जहाजात तरंगत्या क्रेनने भरतात. धक्का नाही काही नाही. त्या जहाजावर चढायचं असेल तर मुंबई ते सिंगापूर, सिंगापूर ते बालिकपापान, तिथून गाडीने समारिंदा आणि मग लाँच. दाभोळहून निघालेला माणूस तीन दिवसांनी लाँचमधून उडी मारून जहाजाच्या शिडीला हात घालायचा, तोपर्यंत आईने दिलेल्या डब्यातले तांदळाचे लाडू संपलेले असायचे.

ह्यातला सिंगापूर ते बालिकपापान हा जो मधला तुकडा, सव्वादोन तासांचा, तो सिल्कएअरचा. आणि खरी गोष्ट अशी की तो तुकडा वेगळा वाटायचाच नाही. मुंबईला काउंटरवर बॅग दिली की तिच्या टॅगवर थेट बालिकपापान छापलेलं असायचं. दोन्ही बोर्डिंग पास तिथेच हातात. थोरल्याचं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करायची जबाबदारी त्यांची, माझी नाही. मरीन तिकीट, म्हणजे बोटीवरच्या लोकांसाठीचं तिकीट, असलं की सामान पण जास्त नेता यायचं, सेफ्टी शूज, बॉयलर सूट, शिवाय घरचं लोणचं आणि कुळथाचं पीठ.

ह्याची किंमत मला कधी कळली, तर एकदा कंपनीने खर्च वाचवायला दोन वेगळ्या विमान कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढून दिली तेव्हा. कंपन्यांची नावं घेत नाही, आता काय उपयोग. पहिलं विमान चार तास लेट, दुसऱ्याच्या काउंटरवरची बाई म्हणाली, सर तुमचं पहिलं तिकीट आमच्या सिस्टीममध्ये दिसतच नाही, तुम्ही आमच्या दृष्टीने आलाच नाहीत. रात्रभर बाकावर बसलो, बॅग भलतीकडेच, आणि जहाज काय माझ्यासाठी थांबतंय होय, ते भरलं आणि निघून गेलं. बारा दिवस एका लॉजमध्ये बसून पुढच्या बंदराची वाट बघितली, तेवढ्या दिवसांचा पगार पण गेला. तेव्हापासून मला रूट मॅप बघायची सवयच लागली, नुसतं कुठे जातात हे नाही तर कुठून कुठे *जोडून* जातात हे.

आता हे जोडून जाण्याचं गणित. समजा दहा गावं आहेत आणि प्रत्येकातून प्रत्येकात थेट गाडी सोडायची म्हटली तर पंचेचाळीस मार्ग लागतील. तेच मध्ये एक ठाणं धरलं आणि दहाही गावांतून फक्त तिथे गाडी आणली, वेळा नीट जुळवल्या, तर दहा रेघांत सगळी गावं एकमेकांना जोडली जातात. चाळीस गावं असतील तर चाळीस रेघा आणि जोड्या होतात ७८०. म्हणून मनाडोसारख्या सुलावेसीच्या टोकावरच्या शहराला सिंगापूरहून विमान परवडायचं. त्या विमानात सगळेच काही सिंगापूरला जाणारे नसायचे. एक जर्मन डायव्हिंगवाला असायचा, एक कोणीतरी चेन्नईचा इंजिनिअर, दोन फिलिपिनो खलाशी, मी दाभोळचा. दीडशे सीटचं विमान, आणि प्रत्येकाचं मूळ गाव वेगळं. एकट्या मनाडो-सिंगापूरच्या माणसांवर ते विमान भरलं नसतं.

आणि जिथे एका गावाचीही माणसं पुरत नव्हती तिथे ते आणखी एक गोष्ट करायचे, त्रिकोण. सिंगापूरहून निघायचं, डार्विनला उतरायचं, तिथून केर्न्स, तिथून थेट परत सिंगापूर. तसंच व्हिएन्टियान आणि लुआंग प्राबांग. तसंच दावाओ आणि सेबू. सिएम रिएप आणि दा नांगचंही तेच, एक कंबोडियातलं दुसरं व्हिएतनाममधलं, पण विमान एकच. नकाशावर ह्या रेघा सरळ जाऊन येणाऱ्या नसतात, पतंगासारख्या दिसतात. मी पहिल्यांदा हा त्रिकोण बघितला तेव्हा मला हसू आलं, म्हणजे आनंदाने, कारण ही तर आमची कोकण बोट.

माझे आजोबा दाभोळला पडावावर, म्हणजे माणसं-माल नेणाऱ्या मोठ्या होडीवर, होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोट निघायची ती किनाऱ्याकिनाऱ्याने, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असं करत पणजीला. सगळ्या ठिकाणी धक्क्याला लागता येत नसे, बोट खाडीच्या तोंडाशी उभी राहायची, भोंगा व्हायचा आणि मग किनाऱ्यावरून पडाव जायचे माणसं उतरवून घ्यायला. अंधारात, लाटेवर, कडेवर पोर आणि डोक्यावर ट्रंक. आजोबा सांगायचे की बाई माणसाला उतरवताना लाट वर आली की "आता!" म्हणायचं आणि हात ओढायचा, लाट खाली गेल्यावर ओढलास तर गेली. मुआरा बेराऊला लाँचमधून शिडी पकडताना बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, अगदी हेच सांगायचा, त्याच्या भाषेत.

पण मला सांगायचंय ते पुढचं. दाभोळला उतरलेल्यातले सगळे दाभोळचे कुठे असायचे? निम्मे तर चिपळूणचे. ते तिथून वाशिष्ठीतून भरतीच्या पाण्याबरोबर वर गोवळकोटला जायचे आणि मग चिपळूण. कुणी पलीकडे गुहागरकडे. म्हणजे मुंबईची बोट दाभोळला थांबायची ती दाभोळच्या लोकसंख्येवर नाही, दाभोळच्या मागे जी खाडी आणि त्या खाडीच्या मागे जी गावं होती त्यांच्यावर. आणि खाडीतल्या होड्यांची वेळ बोटीच्या वेळेशी आणि भरतीच्या वेळेशी बांधलेली. बोट आली नाही तर होडी सुटायची नाही. हे लोक कुठल्या कॉलेजात जाऊन शिकले नव्हते पण सिंगापूरच्या चांगी विमानतळावर जे चालतं तेच हे, फक्त तिथे भरती-ओहोटी नाही.

पावसाळ्यात बोट बंद व्हायची, ते चार महिने म्हणजे घाटावरून एसटी नाहीतर घरीच. आणि बोट कायमची बंद झाली तेव्हा ह्या बंदरांची बाजारपेठ कशी बसली ते मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. दाभोळच्या पेठेत दुकानांच्या फळ्या एकेक करून लागत गेल्या. रस्ता झाला, एसटी आली, पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, सगळं चांगलंच झालं, चिपळूण वाढलं, पण रेल्वे खाडीच्या वरच्या अंगाने गेली आणि बंदरं खाली राहिली.

सिल्कएअरचं नाव घेतलं आणि १९९७ बद्दल लिहिलं नाही तर ते बरोबर होणार नाही. १९ डिसेंबर १९९७, जकार्ताहून सिंगापूरला येणारं १८५ नंबरचं विमान पालेम्बांगजवळ मुसी नदीत कोसळलं, १०४ माणसं होती, एकही वाचलं नाही. कारणावरून दोन देशांच्या तपासणाऱ्यांचं एकमत झालं नाही, इंडोनेशियाच्या अहवालात कारण निश्चित सांगता येत नाही असं आलं आणि अमेरिकेच्या तपास संस्थेचं म्हणणं होतं की विमान कुणीतरी आतून मुद्दाम खाली घातलं. मी तेव्हा सुट्टीवर घरी होतो आणि पुढच्याच महिन्यात मला जायचं होतं. आईने टीव्हीवर नाव ऐकलं आणि एकच शब्द बोलली, "रामदास." रामदास बोट १७ जुलै १९४७ ला रेवसजवळ बुडाली, त्यात सहाशेच्या वर माणसं गेली, आईच्या माहेरच्या वाडीतली पण होती. आमच्याकडे किनाऱ्यावर अजूनही त्या पिढीतली माणसं हे नाव मोठ्याने घेत नाहीत. आई मला म्हणाली, "दुसऱ्या विमानानं जा की रं." मी म्हटलं, आई, तिकडे दुसरं विमान जातच नाही. ती गप्प बसली, कारण हे उत्तर तिला माहीत होतं, रामदास बुडाल्यावर पण लोक बोटीनेच गेले. जायला दुसरं होतं काय?

मी त्या जानेवारीत गेलो. विमानात सगळे शांत होते. पुढे कितीतरी वेळा पालेम्बांगच्या बाजूने जाताना खाली ती तपकिरी नदी वळणं घेत दिसायची, मी प्रत्येक वेळी हात जोडलेत.

तर ती बंद का झाली? तोटा होऊन बुडाली असं नाही. १८ मे २०१८ ला सिंगापूर एअरलाइन्सने जाहीर केलं की धाकट्याला आपल्यात घेणार, त्याच्या विमानांत झोपता येतील अशा बिझनेस सीटा आणि प्रत्येकाच्या समोर स्क्रीन बसवणार, त्यासाठी दहा कोटी सिंगापूर डॉलरच्या वर खर्च. कारण लंडनहून पहिल्या दर्जाने आलेला माणूस पुढे पेनांगला साध्या सीटवर बसायला कुरकुरायचा. दुसऱ्या बाजूने स्वस्तातल्या कंपन्या, आणि त्यातली एक, स्कूट, ह्याच घरातली. म्हणजे धाकट्याला वरून थोरला आणि खालून शेंडेफळ, मधल्याचं जे होतं ते झालं. नकाशा कापून वाटला गेला. जिथे पैसेवाले प्रवासी ते मार्ग थोरल्याकडे, आपली कोची तिकडे गेली. कोइम्बतूर, तिरुवनंतपुरम, विशाखापट्टणम, लुआंग प्राबांग, व्हिएन्टियान हे स्कूटकडे. मधे २०१९ च्या मार्चमध्ये बोइंगची मॅक्स विमानं जगभर जमिनीवर बसली, सिल्कएअरकडेही ती होतीच, मग कोरोना, आणि २०२१ ला नाव पुसलं.

मला ह्यात बरं वाटलं ते एवढंच की रेघा बऱ्याचशा राहिल्या. नाव गेलं पण बालिकपापानला विमान जातं. आमच्या बोटीच्या बाबतीत उलटं झालं, नाव सगळ्यांच्या तोंडी आहे आणि रेघ गेली.

आणि त्याच २०२१ मध्ये, ९ ऑक्टोबरला, आपल्या सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला. परुळ्याच्या वरच्या कातळावर, अडीच किलोमीटरची धावपट्टी, मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर उतरलं, सत्तर सीटचं पंख्याचं विमान. मी तेव्हा घरी बसून मोबाइलवर बघत होतो आणि खरंच डोळ्यात पाणी आलं. आमच्या दाभोळहून चिपी म्हणजे गाडीने सहा-सात तास, मला त्याचा काही उपयोग नाही, तरी आलं.

पण मग सवयीने मी नकाशा काढला. तेव्हा एकच रेघ होती, चिपी ते मुंबई. आणि मनात म्हटलं, ही रेघ पुढे कुठे जोडलीये? उडान योजनेत सरकार अशा मार्गाला तीन वर्षं पैसे देतं, तूट भरून काढायला, त्याबदल्यात काही सीटा ठरवलेल्या दरात द्यायच्या. योजना चांगलीच आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण तीन वर्षांनी ते विमान स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर नुसत्या कुडाळ-मालवणहून मुंबईला जाणाऱ्यांवर कसं राहील, तेवढ्यासाठी रात्रीची ट्रेन आहे, शयनयान आहे, गणपतीत आणि मे महिन्यात विमान भरेल आणि बाकी रिकामं. ते विमान भरणार कोण? मस्कत-दुबईला असलेली आमची माणसं, जहाजावर जाणारी पोरं, कोचीहून मालवणला डायव्हिंगला येणारे, नागपूरहून देवदर्शनाला येणारे. त्यांच्यासाठी चिपीच्या काउंटरवर बॅग दिली की टॅगवर थेट मस्कत छापून आलं पाहिजे. एकच तिकीट, आणि पहिलं लेट झालं तर पुढची जबाबदारी देणाऱ्याची. मुंबईत एका टर्मिनलमधून बाहेर पडून, सामान घेऊन, रिक्षा करून दुसऱ्या टर्मिनलला जायला लागलं की संपलं, त्यापेक्षा माणूस वस्तीची एसटी पकडून आदल्या दिवशीच मुंबईत भावाकडे जाऊन झोपतो. मी पण तेच केलंय आयुष्यभर.

आणि त्रिकोण का नाहीत आपल्याकडे? मुंबई-चिपी-कोल्हापूर-मुंबई, असं काहीतरी. कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग दोन्ही एकट्याने जेवढी माणसं देतील त्यापेक्षा दोघं मिळून एक विमान नक्की भरतील. डार्विन आणि केर्न्समध्ये अख्खं एक राज्य मावेल एवढं अंतर आहे, त्यांना जमलं. लहान गावाला रोज आपलं एकट्याचं विमान नको असतं, जाता जाता थांबणारं चालतं, फक्त ते *रोज* थांबलं पाहिजे आणि भोंग्यावर भरवसा ठेवता आला पाहिजे.

एक अजून सांगायचं राहिलं. शेवटून तिसऱ्या ट्रिपला आम्ही मुआरा बेराऊला कोळसा भरला आणि डिस्चार्ज पोर्ट, म्हणजे माल उतरवायचं बंदर, आलं जयगड. जयगड! वीज प्रकल्पाचा कोळसा. दाभोळहून सरळ रेषेत किती असेल, कावळा तासाभरात जाईल. मी बालिकपापानपर्यंत विमानाने जाऊन, तिथून जहाज घेऊन परत आपल्याच खाडीच्या शेजारी आलो. रात्री डेकवर उभं राहून उत्तरेकडे बघितलं तर किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते, त्यातला आमचा कुठला ते कळणं शक्य नव्हतं. साइन ऑफ, म्हणजे ड्युटी संपवून उतरणं, तिथे मिळालं नाही, जहाज रिकामं होऊन परत निघालं.

आता पुतण्या जातोय, त्याची पहिलीच ट्रिप, डेक कॅडेट. काल संध्याकाळी तिकीट दाखवायला आला. मुंबई-सिंगापूर-बालिकपापान, पुढचा तुकडा स्कूटचा. मी पहिलं काय विचारलं असेल तर, एकच पीएनआर आहे ना रे? तो म्हणाला, हो काका, एकच. मग त्याला तो नकाशा दिला. त्याने उलटसुलट बघितला आणि म्हणाला, काका हे सगळं फोनवर असतं आता. असू दे म्हटलं, सीडीसीच्या पाकिटात ठेव. ठेवलाय त्याने. आईने लाडवाचे तांदूळ भाजायला घेतलेत.